टेस्टला उन्हाळा नसतो

देवपूरच्या एका कॉलेजातून मागच्या आठवड्यात मला मेसेज आला. खैरनार सरांचा तिथे सत्कार आहे, त्यानिमित्त गौरविका निघणार आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलं आहे, तर दोन चांगले शब्द लिहून पाठवा. मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. दोनच शब्द हवे होते, पण तेही सापडेनात. वाईट शब्द मात्र बसल्या बैठकीला इतके सुचले, की ते उतरवून काढल्याशिवाय अन्न गोड लागेना. म्हणून हे लिहिते आहे. गौरविकेला अर्थातच पाठवणार नाही.

खैरनार सर मूळचे भुसावळचे. पुण्याला बरीच वर्षं मोठ्या कंपनीत होते, मग काय बिनसलं कोण जाणे, धुळ्याला आले आणि देवपुरात एका मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन स्वतःची कंपनी काढली. काम चांगलं निवडलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. जळगावकडच्या केळीच्या व्यापाऱ्यांकडे पिकवणीच्या खोल्या असतात. कच्ची केळी बंद थंड खोलीत ठेवायची आणि चार-पाच दिवसांत सगळी एकसारखी पिवळी करून बाहेर काढायची. खोली किती थंड ठेवायची, बाहेर ऊन वाढलं तर थंडाव्याचं मशीन किती जोरात चालवायचं, हे आमचा प्रोग्राम ठरवायचा. प्रोग्राम लिहिणारी चार-पाच पोरं-पोरी होती. मी लिहिणारी नव्हे. मी व्यापाऱ्यांचे फोन घ्यायची, त्यांच्या शिव्या ऐकायची आणि त्यातल्या शिव्या गाळून उरलेलं सरांना सांगायची.

सर उंच, सडपातळ. शर्टाला कायम कडक इस्त्री आणि चेहऱ्याला त्याहून कडक. हसताना मी त्यांना पाहिलं नाही असं नाही, पण ते कुणाचं तरी चुकल्यावरच. त्यांचा लाडका शब्द होता, ‘पहिल्यापासून’. मी सांगायला लागले, ‘सर, रावेरहून फोन होता, त्यांच्या दोन नंबरच्या खोलीत... नाही, तीन नंबरच्या...’ की ते हात वर करायचे. ‘पहिल्यापासून.’ मग मी परत, सर, रावेरहून फोन होता. मध्ये शिंक आली तरी पहिल्यापासून. कुठल्याही चुकीची दुरुस्ती होऊ शकते, हे त्या माणसाला मान्यच नव्हतं. चुकलेलं पुसायचं आणि चुकण्याच्या आधी जिथे होतो तिथे जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. माणसांच्या बाबतीतही तेच. सख्खा भाऊ त्यांच्या वास्तुशांतीला उशिरा आला, तर यांनी भाऊच पुसून टाकला. ‘मला भाऊ नाही,’ असं ते आम्हाला अगदी शांतपणे सांगायचे, आणि तो भाऊ तिकडे भुसावळला धडधाकट नोकरी करत होता.

या स्वभावाला शोभेल असं एक यंत्रच त्यांनी ऑफिसात बसवलं होतं. त्याचं नाव माघार. प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे तपासायला दुसरे छोटे प्रोग्राम असतात, त्यांना टेस्ट म्हणतात. आमच्याकडे सगळ्या टेस्ट सरांनी स्वतः लिहिल्या होत्या, आणि त्यांना हात लावायची परवानगी फक्त सरांना. पोरांनी काही लिहून सेव्ह केलं की टेस्ट आपोआप चालायच्या. सगळ्या हिरव्या आल्या, तर लिहिलेलं कायम. एक जरी लाल आली, तरी मागच्या हिरव्यानंतर जे काही लिहिलं असेल ते सगळं आपोआप पुसलं जायचं. विचारणं नाही, सवरणं नाही. निवडणुकीत उमेदवाराला निदान माघार घ्यायची की नाही हे तरी विचारतात. पुसलेलं परत आणायची सोय त्यांनी मुद्दाम ठेवली नव्हती, आणि कुणी गुपचूप दुसऱ्या फाइलीत उतरवून ठेवलेलं सापडलं, तर तो दिवस त्या पोराचा नाही असं समजायचं. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. त्यावर प्रत्येकाचं नाव आणि आज कुणाची किती वेळा माघार झाली तो आकडा. चहा द्यायला येणारासुद्धा कप ठेवता ठेवता तो आकडा वाचून जायचा.

आता, मी रागावलेली असले तरी आंधळी नाही. ही पद्धत सरांनी शोधलेली नव्हे. जगात इतर ठिकाणीही लोक असं काम करतात, आणि पोरांचंच म्हणणं होतं की त्याने माणूस शहाणा होतो. एकदम शंभर ओळी खरडायची खोड जाते. थोडं लिहायचं, तपासायचं, मग पुढचं. सर म्हणायचे, ‘पांझरा नदीत उतरताना आपण काय करतो? आधी एक पाय ठेवून बघतो.’ नव्या पोरांना ते पटायचं. शिवाय सर स्वतःलाही त्यातून सूट देत नसत. एकदा दुपारपर्यंत खपून लिहिलेलं त्यांचंच काम एका लाल टेस्टपायी गेलं. ते उठले, माठातलं पाणी प्यायले, आणि परत बसून पहिल्या ओळीपासून लिहायला लागले. चेहऱ्यावर सुरकुती नाही. मला त्या दिवशी क्षणभर त्यांच्याबद्दल आदर वाटला होता. तो फार दिवस टिकला नाही.

टिकला नाही, कारण हिवाळ्यात आमची भरिताची पार्टी झाली. खानदेशात थंडी पडली की ऑफिस असो, बँक असो, कुणाच्या तरी शेतात भरीत हे व्हायलाच हवं. त्या वर्षी मी मोठ्या हौसेने सगळ्यांना दोंडाईच्याजवळ माझ्या मावशीच्या शेतात नेलं. मावशीने पहाटेपासून तयारी केली होती. हिरवी लांब वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, सोलली, लाकडी भांड्यात मिरच्या-लसणासोबत कुटली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याच्या भाकरी. वास असा की पोरं वाफेवरच तुटून पडायला निघाली होती. पहिला घास मानाने सरांना दिला. त्यांनी चाखला आणि म्हणाले, ‘मीठ जास्त आहे.’

असेल. मावशीचा हात मिठाला थोडा सैलच. पण पुढे त्यांनी जे केलं, ते सांगताना आजही माझे कान गरम होतात. त्यांनी ते अख्खं भांडं उचललं, बांधापर्यंत चालत गेले आणि पालथं केलं. मग रिकामं भांडं आणून मावशीपुढे ठेवलं. ‘अर्धं बरोबर असं काही नसतं, काकू. पहिल्यापासून करा.’

मावशीच्या सत्तर वर्षांत तिच्या हातचं कुणी असं टाकलं नव्हतं. ती म्हणाली, ‘आखो दोन वांगा भुंजी टाकतू ना भाऊ, मीठ मरी जातं. बठ्ठं कसाले फेकी दिन्हं?’

साधी गोष्ट होती. आणखी दोन वांगी भाजून घातली की मीठ बरोबर झालं असतं. स्वयंपाकघरात रोज हेच चालतं, सगळ्या जगाचं याच्यावरच चाललं आहे. पण सर ऐकून न ऐकल्यासारखे हात धुवायला गेले. पाहुणा म्हणून मावशीने परत वांगी भाजली. दुसऱ्यांदा चाखून सर म्हणाले, ‘आता हिरवं.’ पोरं हसली. मावशीला काही कळलं नाही, आणि ते मी तिला समजावूनही सांगितलं नाही.

तरी भरीत हे भरीत. रझियाचं जे केलं त्याला माफी नाही.

रझिया आमच्याकडे दिवाळीनंतर लागली. धुळ्याचीच. तिचे अब्बा शिंपी, आग्रा रोडच्या मागे गल्लीत छोटं दुकान. रेडिमेडमुळे शिलाई बसत चालली होती आणि सुरतेला असलेले तिचे चाचा सारखे बोलावत होते, इथे या, कारखान्यात लावून देतो. अब्बांना जायचं नव्हतं. त्या गल्लीत त्यांचा जन्म गेला. तर घरात असं ठरलं होतं, की रझियाची नोकरी पक्की झाली तर सगळे इथेच राहतील, नाहीतर उन्हाळ्यात बिऱ्हाड सुरतेला. हे तिने मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं. ‘अक्का, मी पर्मनंट झाले की अब्बा मशीन हलवणार नाहीत,’ म्हणाली. मशीन म्हणजे शिलाईचं. पर्मनंट कोण करणार, तर सर. कशावरून, तर भिंतीवरच्या आकड्यावरून.

आणि आकडा तिचा चांगला होता. सावकाश, नीट काम करणारी पोरगी. होळीपर्यंत तिच्या नावापुढे जवळजवळ काही नसायचं. मी तर मनातल्या मनात तिला पक्की करूनसुद्धा टाकलं होतं.

होळीनंतर ऊन चढलं आणि सावद्याहून नानांचा फोन आला. हे नाना केळीचे जुने व्यापारी, आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. आमच्या प्रोग्रामचा तो पहिलाच उन्हाळा होता. ‘अक्का, खोली तापू राह्यली ना वं! बाहेर आग लागेल आहे अन् हे मशीन पाय, हळूहळू फिरू राह्यलं, जसं काही दिवाईची थंडी आहे. केयी बिघडतीन माह्या!’

रझियाला ते काम दिलं. तिने आठवडाभर शोधून कारण काढलं, आणि ते ऐकून मी कपाळावर हात मारला. खोलीबाहेर उन्हात लावलेल्या यंत्राने तापमान पंचेचाळीसच्या वर दाखवलं, की आमचा प्रोग्राम ते खोटं धरायचा. मोजणारं यंत्र बिघडलं असणार, असं समजून तो सरळ तीस गृहीत धरायचा, आणि तीसच्या हिशेबाने मशीन निवांत चालवायचा. सावद्याला, भुसावळला, जळगावला मे महिन्यात पंचेचाळीस म्हणजे लोक म्हणतात आज जरा बरं आहे. पण सरांनी तो भाग कंपनी काढायच्या तयारीत, पुण्यात असतानाच लिहून ठेवला होता, एसीत बसून, यंत्रासोबत आलेलं माहितीपत्रक समोर ठेवून. स्वतः भुसावळचे असून.

रझियाने दुरुस्ती केली. ती मर्यादा प्रोग्रामात दोन ठिकाणी होती. एक समोरच, दुसरी खूप आत, जुन्या भागात लपलेली. दोन्ही एकदमच बदलायला हव्या होत्या. तिने बदलल्या, सेव्ह केलं, आणि टेस्ट लाल. पंचेचाळीसच्या वर आकडा आला तर तो खोटाच धरला पाहिजे, असं तपासणारी सरांची टेस्ट होती ना! सगळं पुसलं गेलं. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. परत लिहिलं, परत गेलं. दोन दिवस ती पोरगी बरोबर उत्तर लिहीत होती आणि माघार ते पुसत होती, आणि भिंतीवर तिच्या नावापुढचा आकडा वाढत होता.

शेवटी ती सरांपुढे उभी राहिली. मी शेजारीच होते.

‘सर, कोड बरोबर आहे. टेस्ट चुकीची आहे.’

‘टेस्ट मी लिहिली आहे.’

‘हो सर. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीसच्या वर जातंच.’

‘टेस्टला उन्हाळा नसतो,’ सर म्हणाले. ‘लाल म्हणजे तू चुकलीस. पहिल्यापासून.’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘सर, तुमच्या भुसावळला फोन लावून विचारा की आज किती आहे.’ त्यांनी फोन लावला नाही. सावद्याच्या यंत्राची नोंद उघडली आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवली. चाळीस. भर दुपारी चाळीस. ‘मॅडम, कुठे गेलं पंचेचाळीसच्या वर?’

आता हे चाळीस कुठून आलं? मी नानांना फोन केला, तर ते खो खो हसले. ‘अवं, मी त्या यंत्रावर ओलं गोणपाट बांधेल आहे! गोणपाट बांधलं की मशीन कसं झोकात चालते पाय. इकडचे बठ्ठे जण तसंच करू राह्यले.’ आमचे लोक असेच. औषध शोधतील आणि दुखणं डॉक्टरला सांगणार नाहीत. गडी दर तासाला गोणपाटावर पाणी मारायचा, यंत्राला वाटायचं बाहेर चाळीस आहे, आणि चाळीसवर विश्वास ठेवून आमचा प्रोग्राम मशीन जोरात चालवायचा. माल वाचला. पण त्याच गोणपाटामुळे सरांची टेस्ट खरी ठरली आणि रझिया खोटी.

मी हे सगळं सरांना पहिल्यापासून, न चुकता, न शिंकता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘मॅडम, गोणपाट आपल्या सॉफ्टवेअरचा भाग नाही.’ आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्यांनी रझियाला बोलावून सांगितलं, की तिची माघार फार होते, तिला पक्कं करता येणार नाही. ती रडली नाही. डबा पिशवीत घातला, आम्हाला सलाम केला आणि गेली. आठवडाभरात अब्बांचं शिलाई मशीन टेम्पोत चढलं. मी भेटायला गेले होते. गल्लीतली अर्धी बायामाणसं टेम्पोभोवती उभी होती आणि अब्बा प्रत्येकाला ‘येतो, ईदला येतो’ म्हणत होते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि गडीमाणसं आपापल्या गावी जातात. नानांचा पाणी मारणारा गडीही साक्रीकडे आपल्या गावाला गेला. गोणपाट वाळलं. यंत्राने खरं तापमान सांगितलं, ते आमच्या प्रोग्रामने खोटं धरलं, मशीन मंदावलं. नानांनी खोली उघडली, तर केळीची साल हिरवी आणि आत नुसता लगदा. दोन खोल्या गेल्या. नाना फोनवर हसले नाहीत. ‘आता गोणपाट नही,’ ते म्हणाले. ‘संध्याकाळलोक दुरुस्त करा, नही तं तुमचं यंत्रबिंत्र उचलून न्या. बाकीचे पण तेच म्हनू राह्यले.’

त्या दिवशी सर स्वतः बसले. त्यांनी आधी आपली टेस्ट बदलली. कुणाकडे न बघता, जशी काही ती कुणा दुसऱ्यानेच लिहिली होती. समोरची मर्यादा बदलली, सेव्ह केलं. लाल. दुसरी कुठलीशी टेस्ट बोंबलली आणि लिहिलेलं पुसलं गेलं. परत लिहिलं, परत गेलं. त्यांना ती आतली दुसरी जागा सापडतच नव्हती. भिंतीवर खैरनार या नावापुढचा आकडा सकाळपासून वाढत होता आणि चहा द्यायला येणारा कप ठेवून तिथेच रेंगाळत होता. माघार बंद करून टाकली असती तर काम सोपं झालं असतं, पण तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. आणि रझियाने जे शोधलं होतं, त्याचा कागदाचा कपटासुद्धा ऑफिसात नव्हता. ते सगळं यांनीच पुसलं होतं.

दुपारी चारच्या सुमारास ते माझ्या टेबलाशी आले. ‘त्या मुलीचा नंबर लावा.’

मी लावला आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला. मागे कारखान्याचा खडखडाट ऐकू येत होता. सर म्हणाले, ‘ती पंचेचाळीसची दुसरी जागा कुठे होती?’ कशी आहेस नाही, अब्बा कसे आहेत नाही.

मला वाटलं, आता ही पोरगी म्हणेल, सर, ते तर तुम्ही पुसलंत. म्हणावंच, अशी मी देवाला विनवणी करत होते. पण रझिया रझियाच. तिने क्षणाचाही वेळ न लावता फाइलीचं नाव सांगितलं, ओळ सांगितली, काय लिहायचं ते अक्षर न् अक्षर सांगितलं. सर माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून दोन्ही ठिकाणचं टाइप करत गेले. सेव्ह केलं. सगळं हिरवं.

‘झालं का सर?’ तिने विचारलं.

‘झालं.’

मागचा खडखडाट कमी झाला, बहुतेक ती चालत बाहेर आली असावी. मग म्हणाली, ‘सर, माझी जागा भरली का? अब्बांना इथे करमत नाही.’

सर ज्या कॉम्प्युटरवर बसले होते, तो तिचाच होता. तिची खुर्ची त्यांना बुटकी पडत होती, म्हणून ती बाजूला सरकवून त्यांनी स्वतःची आणली होती.

‘भरली,’ सर म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात लांब करून फोन बंद केला.

मी ओरडले. काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी स्क्रीनवरचं हिरवं एकदा नीट बघून घेतलं, कीबोर्ड रुमालाने पुसला, आणि रझियाच्या खुर्चीवर ठेवलेली आपली बॅग उचलून जिना उतरून गेले.